गाडीखालचं कडं

सासरच्या माणसांना मी आजवर बऱ्याच गोष्टींना नाही म्हटलं आहे. पण गळ्यात ओळखपत्र अडकवून, हातात टॉर्च घेऊन, चारचौघांत नाही म्हणायची वेळ एकदाच आली. त्या दिवशी मी माझ्या सख्ख्या दिराची गाडी नापास केली.

मी नाशिकला, सातपूरच्या एका कारखान्यात तपासणी विभागात आहे. आमच्याकडे ट्रकचे प्रोपेलर शाफ्ट बनतात. इंजिन असतं पुढे आणि फिरवायची असतात मागची चाकं. पुढची ताकद मागे नेणारा गाडीच्या पोटाखालचा लांब दांडा म्हणजे प्रोपेलर शाफ्ट. त्याच्या दोन्ही टोकांना सांधे असतात, म्हणजे गाडी खड्ड्यांतून गेली तरी दांडा लवतो, मोडत नाही. लग्न होऊन आले तेव्हा हे सगळं मी सासरी नीट समजावून सांगितलं होतं. सासूबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी शेजारणीला सांगितलं, "कंपनीत हाय. कॉम्प्युटरवर." त्यानंतर मी तो विषय काढला नाही.

आम्ही राहतो कॉलेज रोडला. नवरा बँकेत. शेती ओझरच्या पुढे, ती धाकटा दीर, माझी जाऊ आणि सासूबाई बघतात. द्राक्षं आहेत. मधली काही वर्षं बागेनं बरी साथ दिली, तेव्हा आजूबाजूच्यांनी बंगले बांधले. दिरानं गाडी घेतली. मुंबईच्या कुणा हौशी माणसाची वापरलेली, निळी, दोन दारांची, जमिनीला पोट घासत चालणारी. शेताच्या वाटेवर ती येऊच शकत नव्हती, म्हणून त्यानं आधी वाट करून घेतली आणि मग गाडी आणली. त्र्यंबकला नेऊन तिची पूजा केली. नंतर पुण्याहून माणूस बोलावून इंजिनाची ताकद वाढवून घेतली, म्हणजे देवानं जेवढं सांभाळायचं कबूल केलं होतं त्यापेक्षा बरीच जास्त.

जाऊ त्या गाडीत एकदाच बसली. उतरताना तिला दोन्ही हात धरून वर ओढावं लागलं. "विहिरीतनं काढल्यासारखं वाटलं, ताई," ती मला म्हणाली. पुन्हा काही ती बसली नाही.

त्याच सुमारास नाशिकच्या एका मोटार क्लबानं ड्रॅग रेस ठेवली. या रेसमध्ये फारसं समजून घेण्यासारखं काही नसतं. दोन गाड्या शेजारीशेजारी उभ्या करायच्या, दिवा हिरवा झाला की सरळ सुटायचं, आधी पोचेल तो जिंकला. वळण नाही, चढ नाही. प्रेक्षक शिंकला तर रेस हुकते. दिंडोरीच्या बाजूला नव्या औद्योगिक वसाहतीसाठी रुंद, सरळसोट रस्ता झाला होता. रस्ता होता, दिव्यांचे खांब होते, प्लॉटवर नंबरही होते. उद्योग तेवढे यायचे राहिले होते. क्लबानं रीतसर परवानगी काढून तो रस्ता एका रविवारपुरता मिळवला.

क्लबाचे सचिव व्यवसायानं दातांचे डॉक्टर आणि माझ्या नवऱ्याचे शाळेपासूनचे मित्र. एका संध्याकाळी ते जाडजूड बाड घेऊन आमच्याकडे आले. परदेशातल्या रेसचे नियम होते ते. विमा उतरवायचा तर नियम हवेत, म्हणून त्यांनी मिळतील तेवढे सगळेच घेतले होते.

"वहिनी," ते चहा पिता पिता म्हणाले, "हेल्मेट, पट्टे, आग विझवायचं सिलिंडर हे आम्ही बघू. तुम्ही फक्त गाडीच्या खालचं बघा. तिथं वाकून बघायला कुणी तयार नाही."

"माझा दीर भाग घेतोय," मी सांगितलं. "त्याची गाडी दुसऱ्या कुणी बघितली तर बरं."

"उलट चांगलंच आहे. तेवढा एक तरी वाद होणार नाही."

मी ते बाड रात्रभर नाही, पण दोन रविवार वाचलं. वाचताना एक गोष्ट लक्षात आली. नियम लिहिणाऱ्यांचा माणसांवर भरवसा नव्हता आणि यंत्रांवर तर त्याहून नव्हता. क्लच आणि फ्लायव्हीलभोवती जाड पोलादी कवच हवं, कारण फ्लायव्हील म्हणजे इंजिनाला जोडलेलं जड चाक, जोरात फिरताना ते फुटलं तर तुकडे थेट ड्रायव्हरच्या पायांकडे येतात. गिअर न्यूट्रलमध्ये असल्याशिवाय इंजिन सुरू होता कामा नये, कारण गाडीपुढे नेहमी कुणीतरी मोबाइल घेऊन उभं असतं. आणि ताकदवान, चिकट टायरच्या गाड्यांना प्रोपेलर शाफ्टभोवती पोलादी कडं हवं. जाड पट्टीचं, गाडीच्या सांगाड्याला घट्ट बोल्ट केलेलं, आणि पुढच्या सांध्यापासून वीतभराच्या आत. सांधा तुटलाच तर दांडा त्या कड्यात अडकून राहावा, खाली पडू नये, एवढंच त्याचं काम. बाकी वेळ ते नुसतं असतं.

माझ्या कामाचं इतकं नेमकं वर्णन मला आजवर कुठं वाचायला मिळालं नव्हतं.

तपासणी शनिवारी होती, रस्त्यालगत मांडव घालून. एकेक गाडी फळ्यांच्या उतारावर चढवायची आणि मी चाकं लावलेल्या पाटावर पाठ टेकून तिच्या खाली सरकायचं, अशी व्यवस्था होती. कारखान्याचा निळा डगला मी घरूनच घालून आले होते. गाड्यांचे मालक उत्साहात होते. वरच्या बाजूला त्यांनी काही कमी ठेवलं नव्हतं. हेल्मेटवर स्वतःची नावं होती, हातमोजे होते, एकानं तर अंगात आग न लागणारा अख्खा पोशाख घातला होता आणि मांडवाच्या उकाड्यात तो त्यातच शिजत होता. खालच्या बाजूला मात्र सगळं जसं कारखान्यातून आलं तसं होतं. फोटोत दिसत नाही ते कुणी बदललं नव्हतं.

दिराची गाडी आली तेव्हा मांडवात आमच्या गावची मंडळी गोळा झाली. बंपरखाली लिंबू-मिरची बांधली होती. नियमांत तिचा उल्लेख नव्हता, त्यामुळे माझी तिच्याबद्दल तक्रार नव्हती. क्लचभोवतीचं कवच त्यानं पुण्याच्या माणसाकडून बसवून घेतलं होतं, तेही चांगलं. मी टॉर्च मागे फिरवला. शाफ्ट होता. कडं नव्हतं.

मी बाहेर सरकले.

"भाऊजी, लूप कुठाय?"

"कसला लूप?"

"शाफ्टभोवतीचं कडं. नियम पाठवले होते तुम्हाला."

"ते होय?" तो हसला. "ते फॉरेनच्या गाड्यांना, वहिनी. वजन वाढतं त्यानं. आपला शाफ्ट मजबूत हाय."

"मग गाडी नापास."

त्याला वाटलं मी चेष्टा करतेय. गावच्या मंडळींनाही तसंच वाटलं. ती मोकळेपणानं हसली. मग मी शेऱ्याच्या कागदावर फुली मारली तेव्हा हसणं थांबलं.

"वहिनी, घरचीच गाडी हाय," तो आवाज खाली आणून म्हणाला.

"म्हणून तर."

"एवढ्या गाड्या झाल्या, तुम्ही माझीच धरू राहिल्या."

हे खरं नव्हतं. त्याच्या आधी मी आणखीही काही गाड्या परत पाठवल्या होत्या, त्यात डॉक्टरसाहेबांची स्वतःची होती. पण ते मालक नात्यातले नव्हते, त्यामुळे त्यांना कुणाला फोन करावा ते सुचलं नाही. दिरानं माझ्या नवऱ्याला फोन लावला. फोन स्पीकरवर होता. "दादा, वहिनीला सांग जरा," तो म्हणाला. मग नवऱ्यानं विचारलं, "जेवला का तुम्ही लोक?" आणि त्यावर फोन संपला.

संध्याकाळपर्यंत दुरुस्ती करून आणायची मुभा होती. दिरानं गाडी नाशिकमधल्या अंबडच्या एका फॅब्रिकेटरकडे पळवली आणि उजेड असेतोवर परत आणली. चेहऱ्यावर राग होता, पण खाली कडं होतं. मी पुन्हा पाठीवर सरकले. जाड पट्टी, सफाईदार वेल्डिंग, बोल्टही चांगले. फक्त ते शाफ्टच्या बरोबर मधोमध बसवलं होतं.

"मधे का लावलं?"

"मधे जागा व्हती. अन् बरं दिसतं."

"कुणाला दिसतं?"

मी त्याला खाली वाकायला लावलं. पांढरी पँट घालून आला होता, तरी वाकला. मी टॉर्चचा उजेड पुढच्या सांध्यावर टाकला.

"हा तुटला, तर दांड्याचं पुढचं टोक खाली पडतं. मागचं टोक चाकांना धरलेलं. गाडी जोरात पुढे चाललीय. मग हे टोक रस्त्यात रुतणार आणि गाडी त्याच्यावर उचलली जाणार. बांबू रोवून उडी मारतात ना खेळात, तशी. मधल्या कड्यात तो पुढून लोंबकळणारच. म्हणून ते पुढे लागतं."

डोळ्यांपुढे त्याला गाडी उलटी झालेली दिसत असावी. स्वतः आत असल्याचं दिसत होतं की नाही ते मला ठाऊक नाही, कारण थोड्या वेळानं त्यानं विचारलं ते हे: "म्हंजे टप चेपणार?"

"टप चेपणार," मी म्हटलं.

रविवारी सकाळी कडं पुढे आलेलं होतं, आणि रात्रीतून ते लाल रंगवलेलंही होतं. मी सही केली. त्यानं काचेवर पास झाल्याचा कागद चिकटवला आणि त्याच्या शेजारी उभं राहून फोटो काढून घेतला. मग मांडवातल्या दुसऱ्या स्पर्धकांना तो समजावून सांगू लागला, "मधे लावून उपयोग नाय. पुढच्या सांध्याजवळच पाहिजे. नाहीतर बांबू रोवल्यासारखी उलटते." मी जवळून जात होते. त्यानं मला ओळख दाखवली नाही.

रेसबद्दल सांगण्यासारखं थोडं आहे. दिराची पाळी आली, इंजिनानं असा आवाज केला की माझ्या शेजारच्या माणसाच्या हातातला चहा हिंदकळला, आणि दिवा हिरवा व्हायच्या आतच गाडी सुटली. त्यामुळे बाद. तो मात्र शेवटपर्यंत गेला, हात बाहेर काढून हलवत परत आला, आणि बाद झाल्याचं कळल्यावर जरा वेळ डोकं धरून बसला. नंतर सावरला. "कडं मात्र हाललं नाय, वहिनी," तो म्हणाला. शाफ्ट तुटलाच नव्हता, तर ते कशाला हलेल, हे मी बोलले नाही. दिवसभरात कुणाला खरचटलंही नाही. उन्हानं एकाला चक्कर आली तेवढीच, तो आग न लागणाऱ्या पोशाखातला.

पुढच्या रविवारी दिरानं शेतावर जेवण ठेवलं. हरल्याचं का, असं जाऊ म्हणाली, पण भाजलेल्या मिरच्यांचा ठेचा, वांग्याचं भरीत, भाकरी, सगळं तिनंच केलं. पाहुण्यांना गाडी दाखवण्यासाठी त्यानं शेडमध्ये उतार केला होता, आणि गाडी वर चढवून, खाली पोती अंथरून, एकेकाला आत सरकवून टॉर्चनं ते लाल कडं दाखवणं चाललं होतं. देवळात गाभाऱ्यात सोडतात तसं. गावचे एक वयस्कर काकाही खाली जाऊन आले आणि धोतर झटकत म्हणाले, "चांगलं केलं. सेफ्टी पाहिजे."

शेडच्या बाहेर, दहा पावलांवर, ट्रॅक्टर उभा होता. छाटणीनंतरचे दिवस होते. सकाळी ढग होते आणि द्राक्षांवर डाउनीची बुरशी यायची भीती, म्हणून पाहुणे असले तरी दुपारची फवारणी चुकवून चालणार नव्हतं. ट्रॅक्टरमागे औषध फवारायचा ब्लोअर जोडलेला होता आणि टाकीतलं औषध ढवळलं जावं म्हणून ट्रॅक्टर जागेवरच सुरू ठेवला होता. ट्रॅक्टरपासून ब्लोअरपर्यंत ताकद नेणारा दांडा फिरत होता. त्यालाही दोन टोकांना दोन सांधे. आमच्या कारखान्यात बनतो त्याचाच लहान भाऊ. पण गाडीतला असतो पोटाखाली, आणि हा गुडघ्याच्या उंचीवर, माणसं जातात-येतात तिथं, उघडा.

कंपनी त्याच्यावर प्लास्टिकचं कव्हर देते. या दांड्याला नव्हतं. मी दिराला पूर्वी त्याबद्दल म्हटलंही होतं. "सगळ्यांचे असेच हायेत, वहिनी," असं उत्तर मिळालं होतं, आणि ते अगदी खरं होतं. आमच्या बाजूला कुठल्याही बागेत जा, दांडा उघडाच फिरत असतो.

औषध मिसळायचं काम जाऊ करते. प्रमाण तिलाच पाठ असतं. जेवणाची पानं वाढून झाल्यावर ती टाकीकडे गेली. साडीवर दिराचा जुना शर्ट आणि तोंडाला, डोक्याला सुती स्कार्फ गुंडाळलेला, जसा सगळ्या बाया औषधाच्या वासासाठी बांधतात. मी ओट्यावर सासूबाईंजवळ बसले होते. जाऊ टाकीखालचा कॉक बघायला वाकली. स्कार्फचं सुटलेलं टोक पुढे लोंबलं.

मी ते पाहिलं. ओरडले की नाही आठवत नाही. टोक सांध्यावरच्या बोल्टात अडकलं आणि स्कार्फ एका क्षणात गुंडाळला गेला. ती गुडघ्यांवर आदळली, एका हातानं तिनं टाकीचा लोखंडी पाय धरला आणि मान मागे ओढून धरली. तिच्या तोंडून आवाज निघत नव्हता. मी धावले, तिच्या खांद्यांना धरून मागे ओढत राहिले, आणि ट्रॅक्टर बंद करा, बंद करा, असं ओरडत होते. शेडमधून दिराचा आवाज आला, "काय झालं?" तो गाडीखाली होता. घाईनं बाहेर येताना त्याचं कपाळ गाडीच्या पोटावर आपटलं, तेही मी ऐकलं.

ट्रॅक्टर बंद केला सासूबाईंनी. गुडघे दुखतात म्हणून देवळाच्या पायऱ्या न चढणाऱ्या सासूबाई ओट्यावरून कधी उतरल्या, ट्रॅक्टरवर हात कसा घातला, कुणी पाहिलं नाही. त्यांनी स्टॉपर ओढला. इंजिन धापा टाकत थांबलं आणि नेमका त्याच वेळी स्कार्फ फाटला. जुना होता, धुऊन धुऊन विरलेला. नवा असता तर पुढचं मला लिहिता आलं नसतं.

जाऊ माझ्या अंगावर पडली. तिच्या गळ्याभोवती लालभडक वळ उठला होता आणि उजवा खांदा भलतीकडेच दिसत होता. पाहुणे पंगतीतून उठून आले होते, हात खरकटे. वरून ओझरच्या विमानतळावरचं एक विमान गेलं, आणि त्याचा आवाज जाईपर्यंत कुणी बोललं नाही. इकडे सवयच आहे ती.

तिला पिंपळगावच्या दवाखान्यात नेलं. निळी गाडी सर्वांत वेगवान, पण तिच्यात मागे आडवं व्हायला जागा नव्हती, म्हणून द्राक्षांचे क्रेट नेण्याच्या पिकअपमध्ये गादी टाकून नेलं. दीर तिच्या शेजारी बसला होता, कपाळावर टेंगूळ घेऊन. वाटेत तो एकदाच बोलला. "टाकीचा कॉक मी बघायला पाहिजे व्हता." ती बोलू शकत नव्हती. तिनं हातानं खूण केली. मला ती कळली, त्यालाही कळली असावी: पुढे बघ.

खांदा बसवला. मानेला पट्टा दिला. आवाज परत यायला वेळ लागेल, पण येईल, असं डॉक्टर म्हणाले. मग त्यांनी काय झालं ते विचारलं आणि ऐकून फारसे चकितही झाले नाहीत. "नशीब चांगलं," म्हणाले. "आमच्याकडे येतात त्यात ही चांगली केस."

तिच्या मानेला पट्टा होता त्याच दिवसांत क्लबाचा समारंभ झाला. बक्षिसं द्यायची होती. क्लबाच्या डॉक्टरसाहेबांनी आग्रह केला, म्हणून आम्ही सगळे गेलो. जाऊपण आली, घरात बसून कंटाळले, असं तिनं कागदावर लिहून दाखवलं. भाषणं झाली. डॉक्टरसाहेब म्हणाले की संपूर्ण स्पर्धेत एकही अपघात झाला नाही, याचं श्रेय तपासणीला आहे, आणि माझ्या हातात एक काचेचं स्मृतिचिन्ह दिलं. टाळ्या झाल्या. दीर जोरात टाळ्या वाजवत होता. मी स्टेजवरून खाली पाहिलं. जाऊ एका हातानं मांडीवर टाळी देत होती, दुसरा झोळीत होता.

चहाच्या वेळी एक बाई तिच्याजवळ आल्या. चेहऱ्यावर कौतुक आणि काळजी दोन्ही.

"रेसमध्ये लागलं का हो? तुम्हीही चालवता?"

जाऊला त्या दिवसांत घोगरं, फाटलेलं असं एखाददुसरं वाक्य बोलता येऊ लागलं होतं. "नाय," ती म्हणाली. "घरी लागलं."

"अगं बाई! पडलात?"

"नाय. स्वयंपाक झाला व्हता, मग लागलं."

बाई काही न समजून हसल्या आणि समोशांकडे गेल्या. दीर शेजारीच उभा होता. त्याच्या बशीत समोसा तसाच राहिला.

त्यानंतर तो कव्हर शोधायला लागला. ब्लोअर घेतला तेव्हा कव्हर आलेलं होतं, हे त्याला पक्कं आठवत होतं. ते मागच्या अंगणात सापडलं. काढायला-घालायला त्रास होतो म्हणून पहिल्याच हंगामात उतरवलेलं, आणि टाकून कशाला द्यायचं म्हणून सासूबाईंनी मधून कापून, दोन्ही तुकडे मातीत उभे रोवून, त्यांत पुदिना लावला होता. पुदिना छान आला होता. दिरानं पुदिन्याकडे पाहिलं, आईकडे पाहिलं. "मला काय म्हाईत ते कशाचं व्हतं," सासूबाई म्हणाल्या. "तू काढून फेकलं व्हतं."

पिंपळगावच्या दुकानदारानं नवं कव्हर मागितल्यावर आधी हसून घेतलं. कव्हर कुणी घेत नाही, म्हणून तो ठेवत नाही. आणि तो ठेवत नाही, म्हणून घ्यायचं म्हटलं तरी मिळत नाही. मागवावं लागेल, म्हणाला. गाडीच्या कड्यासाठी एका दुपारीत नाशिकला जाऊन आलेला माझा दीर मग त्या प्लास्टिकच्या नळीची कितीतरी दिवस वाट पाहत होता. तेवढ्या काळात फवारणी तोच करायचा. औषधही तोच मिसळायचा. जाऊ ओट्यावर बसून प्रमाण सांगायची आणि आवाज पोचत नसल्यामुळे ताटावर चमचा वाजवायची. चमचा वाजला की चुकलं. चमचा बराच वाजे.

कव्हर आलं त्या रविवारी तिनं मला बोलावून घेतलं. मला वाटलं दाखवायला. मी गेले तर दिरानं ते बसवून ठेवलं होतं आणि ट्रॅक्टर सुरू करायच्या तयारीत होता.

"थांबा," जाऊ म्हणाली. "ताई, आधी तुम्ही बघा."

मी वाकले. मधला दांडा झाकला होता. दोन्ही टोकांची टोपणं नीट बसली नव्हती आणि सांधे अजून उघडे होते. कव्हर दांड्याबरोबर गरगरू नये म्हणून साखळी असते, तीही लावायची राहिली होती. मी सांगितलं. दिराला ते ऐकून राग आला नाही. त्यानं पाना घेतला आणि खाली बसला. जाऊ त्याच्या डोक्याशी उभी राहून बघत होती, मानेचा पट्टा असल्यामुळे तिला वाकता येत नव्हतं, म्हणून तिनं विचारलं, "दोन्ही बाजूंनी झाकलं?"

"झाकलं."

"ताईंना विचारलं मी."

"झाकलं," मी म्हटलं.

निळी गाडी अजून शेडमध्ये आहे. दीर ती कधी रविवारी बाहेर काढतो, त्र्यंबकला जाऊन येतो. रेसमध्ये पुन्हा उतरला नाही. कारण विचारलं तर म्हणतो, छाटणी आली. आणि छाटणी खरंच दरवर्षी येते. आजूबाजूच्या बागांमधून मात्र अजूनही उघडेच दांडे फिरतात. दोघा-तिघांनी आमच्याकडे येऊन कव्हर पाहिलं, बरंय म्हणाले, आणि काढ-घाल करायला किती वेळ लागतो ते विचारून गेले.

ट्रॅक्टरची किल्ली आता जाऊबाईंच्या कमरेला असते. फवारणीच्या आधी ती ट्रॅक्टरभोवती एक फेरी मारते, खाली बघते, आणि मग किल्ली देते. मागच्या महिन्यात कव्हरची साखळी तुटली तेव्हा तिनं किल्ली दिलीच नाही. मला दिराचा फोन आला.

"वहिनी, तुम्ही सांगा ना हिला. आभाळ भरून आलंय. एका फवारणीनं काय होतंय?"

मी काही बोलायच्या आत पाठीमागून तिचा आवाज आला. तो अजूनही थोडा घोगरा आहे, आता तसाच राहील असं दिसतं.

"साखळी आणायला माणूस गेलाय म्हणावं. तवर जेवून घ्या."

"ऐकलं का?" दीर म्हणाला.

"ऐकलं," मी म्हटलं. "काय केलंय जेवायला?"

"मेथी," तो म्हणाला, आणि फोन ठेवून जेवायला गेला.